माकडाचे सात नाच



कामगार चळवळीतल्या माणसाने फ्रेंच संगीतावर बोलावे, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटत असेल. माझी शाळा चौथीतच सुटली. पुढचे शिक्षण सभांत आणि मोफत वाचनालयात झाले. परंतु एरिक साती या स्वररचनाकाराची ओळख झाली आणि माझा संकोच कमी झाला. कॅबरेत पियानो वाजवून पोट भरणारा हा गृहस्थ १९०५ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पॅरिसच्या एका संगीतशाळेत पोरांच्या शेजारी जाऊन बसला.

त्याने १९१३ साली ‘मेद्यूझचा सापळा’ नावाचे छोटे प्रहसन लिहिले. शब्द त्याचे, संगीतही त्याचेच. बॅरन मेद्यूझ ही बडी असामी. पण पोलिकार्प नावाचा त्याचा नोकर त्याला काडीइतका भीत नाही. बॅरनच्या मुलीला मागणी घालायला एक तरुण येतो. बॅरन त्याला विचारतो, एका डोळ्यावर नाचता येते का? तरुण सरळ ‘नाही’ म्हणतो, आणि तेवढ्यावर पसंत होतो! ‘हो’ म्हणणारा सापळ्यात अडकला असता.

मधूनमधून पेंढा भरलेले एक माकड उठून नाचते. ही सात नाचांची मालिका त्याच्यासाठी आहे. कॅड्रिल, वॉल्ट्झ, माझुर्का, पोल्का हे प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यातले नाच. सातीने ते माकडाला दिले. पहिल्या खाजगी प्रयोगात त्याने पियानोच्या तारांत कागद खोचले होते. १९२१ साली पॅरिसच्या मिशेल थिएटरात जाहीर प्रयोग झाला. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, व्हायोलिन, चेलो, डबल बास आणि तालवाद्ये, एवढाच सरंजाम. सूर कुठे रंगू लागला म्हणावे, तोच नाच संपतो!

हा नुसता पोरखेळ आहे काय? मला तसे वाटत नाही. उमेदीच्या काळात मी वाटाघाटींना जाई, तेव्हा मालकांच्या वकिलाचे इंग्रजी मला कळत नसे. अडाणी ठरू नये म्हणून मी मान डोलवी. एकदा अशीच मान डोलावली आणि माझ्या माणसांचा एका दिवसाचा पगार बुडाला. त्या रात्री चाळीत परतताना पाय उचलत नव्हते. मी ‘एका डोळ्यावर नाचता येते’ म्हणालो होतो! तेव्हापासून ‘समजले नाही, पुन्हा सांगा’ हे मी मोठ्याने म्हणू लागलो.

साती आर्कय या पॅरिसबाहेरच्या श्रमिकांच्या वस्तीत राही. तिथल्या मुलांना तो सहलीला नेई. १९१४ साली समाजवादी पुढारी झोरेस यांचा खून झाला, तेव्हा तो समाजवादी पक्षात गेला. १९२५ साली तो वारला. बड्यांच्या दिमाखाला हसणारा हा माणूस गरिबांना मात्र कधी हसला नाही, हे ध्यानात घ्यावे.

ही सारी मालिका काही मिनिटांत संपते. आपण ती अवश्य ऐकावी. हसू आले तर हसावे. आणि काही समजले नाही, तर शेजाऱ्याकडे पाहून मान मात्र डोलवू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.