टेम्पो, फियाट आणि मारुती : गेटाच्या बाजूने



मोटारींवर बोलावयास कामगार चळवळीतला माणूस बोलावला, याचे काहींना नवल वाटले असेल. मोटार म्हटली की तिचा मालक आठवतो, फार तर ड्रायव्हर आठवतो. ज्याने तिचा पत्रा दाबला आणि सांधला तो कोणास आठवत नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे, गेटसभांत आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा सत्तर-ऐंशीच्या दशकांतील युरोपीय आणि जपानी मोटारींकडे आम्ही गेटाच्याच बाजूने पाहणार, हे गृहीत धरावे.

आरंभ आपल्या रोजच्या बोलण्यातल्या एका शब्दापासून करू. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जी लहान मालगाडी येते तिला आपण टेम्पो म्हणतो, मग ती कोणत्याही कारखान्याची असो. हा शब्द मुळात एका जर्मन मालाचा छाप होता. हांबुर्गजवळ हारबुर्ग येथे विडाल आणि पुत्र या पेढीची 'टेम्पो' नावाची वाहने तयार होत. त्या सहकार्याने १९५८ साली आपल्याकडे बजाज टेम्पो कंपनी निघाली. आधी तीनचाकी आली, नंतर आकुर्डीची मॅटाडोर. पुढे जर्मनीत ती पेढी हानोमागने घेतली आणि टेम्पो हे नाव तिथे बाजारातून गेले. इथे मात्र ते सामान्यनाम होऊन बसले आहे. मराठीने पचवलेला तो बहुधा एकमेव जर्मन कारखाना!

मॅटाडोरचे गुण सांगताना लोक इंजिनाचे सांगतात. आम्ही हमालाचे सांगतो. या गाडीची ओढ पुढच्या चाकांना होती, त्यामुळे मागच्या धुरीकडे जाणारा लांब दांडा खालून नव्हता आणि हौद्याचा तळ जमिनीपासून फार उंच नव्हता. डोक्यावर पाटी घेऊन दिवसभर चढउतार करणाऱ्या माणसाला वीतभर उंची कमी झाली तर त्याच्या गुडघ्यांना काय वाटते, हे कोणत्याही जाहिरातीत छापलेले नसते. मंचरहून भाजी, ओतूरहून कांदा, आणि लग्नसराईत त्याच हौद्यात वऱ्हाड! नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा संसार चालला.

आता फियाट. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली आणि पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याला फियाट अकराशे तयार होऊ लागली. १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला, पुढची बैठक सलग. इटलीत या 'अकराशे डी'चे उत्पादन १९६६ साली थांबले. कुर्ल्याला ती या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत होत राहिली. इतकी वर्षे एकच गाडी का टिकली? चांगली होती म्हणून, असे तिचे भक्त म्हणतील. ती चांगली होतीच. परंतु खरे कारण असे की गिऱ्हाईक आधी पैसे भरून वर्षानुवर्षे रांगेत उभे होते. उत्पादन परवान्याने बांधलेले, बाहेरची गाडी येण्यास बंदी. ज्याचा सगळा माल तयार होण्यापूर्वीच विकला जातो तो नवे साचे कशाला पाडील?

साचा जुना होतो तेव्हा काय होते, हे प्रेसखात्यात उभे राहिल्याशिवाय समजत नाही. दाबलेल्या पत्र्याची कड सरळ येत नाही, दरवाजा चौकटीत बसत नाही. मग कानस, हातोडी आणि कामगाराची नजर यांनी ती फट भरून काढावी लागते. म्हणजे यंत्राची झीज माणसाच्या मनगटाने भरून काढायची, आणि वर उत्पादन कमी पडले की बोल कामगाराला. 'युनियनने कुर्ल्याचा कारखाना बुडवला' हे वाक्य आम्ही पुष्कळदा ऐकले आहे. ते अर्धे तरी तपासून घ्यावे. त्या कारखान्यात संघटनांची आपसात चुरस होती, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. प्रोत्साहन-वेतनाच्या एका करारावरून एक संघटना एकीकडे, दुसरी दुसरीकडे, आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात. औद्योगिक विवाद कायद्यानेच दिलेल्या हक्काची दाद दिवाणी न्यायालयात मागता येत नाही, त्या कायद्याच्याच वाटेने जावे लागते, हा १९७५ चा निर्णय त्यातूनच आला आणि आजही कामगारांचे वकील तो सांगतात. चुरशीने कामगाराचे नुकसान झाले, हे खरे. परंतु चुरस नसती तर साचे नवे झाले असते काय?

नवे साचे आले तेही कसे, पाहा. १९८५ साली प्रीमियरने ११८ एनई काढली. हिचे घराणे १९६६ च्या फियाट १२४ चे, साचे स्पेनच्या सेआत कारखान्याने वापरून झालेले, आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. इटलीची वधू, स्पेनचे दागिने आणि जपानचे सासर. राबणारे हात तेवढे आमचे!

तोवर खेळ बदलला होता. १४ डिसेंबर १९८३ रोजी गुडगावहून सुझुकीच्या सहकार्याची पहिली मारुती बाहेर पडली. ७९६ घनसेंटिमीटर, तीन सिलिंडर, ओढ पुढच्या चाकांना. जपान्यांनी नुसती गाडी आणली नाही. साहेब आणि कामगार यांना एक गणवेश, एक भोजनगृह आणि सकाळी कवायत हेही आणले. आम्हाला ते त्या वेळच्या आपल्या कारखान्यांपेक्षा बरे वाटते, हे मोकळेपणाने सांगतो. मात्र गणवेश एक झाला म्हणजे मत एक झाले, असे नाही. २०११ साली मानेसरच्या कामगारांना आपल्या पसंतीची संघटना नोंदवण्यासाठीच संप करावा लागला. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची, असे ते सांगत.

मालवाहतुकीत जपानचे चौघे एकदम उतरले : टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी, प्रत्येकाला एक देशी भागीदार. गाड्या नेटक्या, केबिन आरामाची. पण १९८५ नंतर येन महागला, बाहेरून येणारे भाग महागले. आणि १९८६ साली टेल्कोने ४०७ आणली. ती आपल्या वाटांसाठी, आपल्या ओझ्यांसाठी, म्हणजे कागदावर लिहिलेल्या ओझ्याहून जास्त ओझ्यासाठी बांधलेली होती. भाजी पिकवणाऱ्या मुलुखाने निवाडा करून टाकला, आणि तिलाही टेम्पोच म्हटले.

शेवटी एका नियमाकडे लक्ष वेधतो. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत पन्नास वर्षांवरील जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. अट अशी की वाहन मूळ रूपात असावे, त्यात मोठे फेरफार नसावेत आणि ते धंद्यासाठी वापरात नसावे. १९७४ ची पद्मिनी या मापात आता बसते. परंतु जी टॅक्सी झाली, जिचे पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल आणि पुढे गॅस आला, जिला कारागिरांनी तीनदा जगवली, ती बसत नाही. मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरताच ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. मॅटाडोरचेही तेच. ती भाड्याने राबली, म्हणून मानाला मुकली.

नियम बदलावा, एवढेच आमचे म्हणणे. निदान प्रत्येक प्रकारची एक तरी राबलेली गाडी, तिच्या ठिगळांसकट, सरकारने ठेवून घ्यावी, आणि प्रत्येक ठिगळ कोणत्या हाताने लावले ते शेजारी लिहावे. ते हात आपल्या तालुक्यांतल्या गॅरेजांत आज सत्तरी-पंचाहत्तरीला आले आहेत.