मधुमेहावरील औषधयोजना



शेजारीं पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हांपासून पेनिसिलिन आम्हां कासारवाडीकरांच्या परिचयाचें. तें चार दिवस घेतलें कीं काम झालें. मधुमेहाचें औषध तसें नव्हे; तें जन्माची सोबत करतें.

मुलांचा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. त्यांत स्वादुपिंडांतील इन्शुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट होतात. १९२२ च्या जानेवारींत टोरांटो येथें १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोंचलें. तोंवर अशा मुलांपुढें मृत्यूच होता. आजहि कोणा बुवाच्या सांगण्यावरून, कारल्याच्या रसाच्या भरंवशावर, मुलाची सुई बंद करणें म्हणजे त्याचा जीव घेणेंच होय.

प्रौढांस बहुधा प्रथम मेटफॉर्मिन देतात; यकृतांतून रक्तांत उतरणारी साखर तें आवरतें. कृश माणसांनीं मात्र निर्धास्त राहूं नये. वजनाच्या मानानें आपल्या लोकांच्या अंगीं चरबी अधिक, हें पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं दाखविलें आहे.

इन्शुलिन घेतल्यावर मूल उपाशी राहतां कामा नये. घाम सुटून हात कांपूं लागले तर तत्काळ साखरपाणी पाजावें. शुद्ध हरपली असल्यास तोंडांत कांहीं न घालतां दवाखाना गांठावा.