निकालात ‘ॲबसेंट’ आलंय? कलिनाला धावण्याआधी हे ऐका

कोणी हा भाग वडखळ नाक्यावर एसटीची वाट बघत ऐकत असेल, कोणी पेणहून पनवेलला जाणाऱ्या गाडीत. आज आपण युनिव्हर्सिटीच्या परीक्षेबद्दल बोलणार आहोत. अभ्यास कसा करायचा, हे सांगणारे खूप आहेत, म्हणून ते सोडून देऊ. पेपर दिला, चांगला दिला, आणि निकालात भलतंच काही आलं तर काय करायचं, ते बघू.

भलतंच म्हणजे काय? पेपर दिलेला असताना समोर ‘ॲबसेंट’. पाच विषयांत साठच्या वर आणि सहाव्यात शून्य. किंवा सगळ्या वर्गाचा निकाल लागला, तुमचा ‘रिझर्व्ह’. अशा वेळी आपल्या भागातली पोरं दोनपैकी एक करतात. एक तर गप्प बसतात, “आपलंच नशीब” म्हणून. नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून थेट कलिनाला जातात. धरमतरहून कलिना म्हणजे आधी पेण, मग पनवेल, मग हार्बरने कुर्ला, मग बस नाहीतर रिक्षा. अख्खा दिवस जातो, त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि खिडकीवर ऐकायला मिळतं, “कॉलेजमार्फत या.”

आजची मुख्य गोष्ट आधीच सांगतो. चूक तुमचीच आहे असं धरून बसू नका, आणि तोंडी विचारत फिरूही नका. कागद करा. तारीख टाका. पोच घ्या.

चूक युनिव्हर्सिटीकडून खरंच होते का? होते, आणि मोठी होते. 2017 चा उन्हाळा आठवा. तेव्हा तुम्ही शाळेत असाल, पण घरातल्या दादा-ताईला विचारा. मुंबई युनिव्हर्सिटीने त्या वर्षी उत्तरपत्रिका कम्प्युटरवर तपासायचं ठरवलं. म्हणजे पेपर स्कॅन करायचे आणि प्राध्यापकांनी स्क्रीनवर मार्क द्यायचे. कल्पना वाईट नव्हती. पण घाई झाली. सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका, अपुरी तयारी, स्कॅनिंगला उशीर. निकाल रखडले. तेव्हाचे राज्यपाल आणि कुलपती सी. विद्यासागर राव यांनी 31 जुलैची मुदत घालून दिली, तीही पाळली गेली नाही. काही निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. पेपर दिलेली मुलं निकालात गैरहजर दिसली, काहींच्या उत्तरपत्रिकाच सापडेनात. शेवटी ऑक्टोबर 2017 मध्ये कुलपतींनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं.

हे जुनं प्रकरण उकरून काढलं, कारण त्या वेळी कितीतरी मुलांनी आधी स्वतःलाच दोष दिला होता. ज्या यंत्रणेत लाखो पेपर फिरतात, तिथे एखादा गठ्ठा इकडचा तिकडे होऊ शकतो. ‘ॲबसेंट’ हा शब्द तुमच्या हुशारीबद्दल काहीच सांगत नाही. तुमचा पेपर आणि तुमचा नंबर यांची गाठ पडली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

आता कामाला लागू.

पहिला प्रश्न: परीक्षा कोणाची होती? मुंबई युनिव्हर्सिटीच्या बऱ्याच कोर्समध्ये पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजच घेतं, आणि शेवटच्या वर्षाची युनिव्हर्सिटी. पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा घोळ असेल तर तो बहुतेक कॉलेजातच सुटतो, कलिनाचं नावही काढायची गरज नाही. शेवटच्या वर्षाचा असेल तर कॉलेजने पत्र देऊन तो परीक्षा विभागाकडे पाठवायचा असतो.

दुसरं: पुरावा. हॉलतिकीट निकाल लागला म्हणून फेकू नका. मार्कशीट हातात येईपर्यंत सगळ्या पेपरांच्या प्रश्नपत्रिकाही जपून ठेवा, त्यावर क्यूपी कोड असतो. मात्र हॉलतिकिटावर किंवा प्रश्नपत्रिकेवर वर्गात काही लिहू नका, उगाच कॉपीची भानगड मागे लागेल. बाहेर आल्यावर मोबाइलमध्ये नोंद करा: तारीख, विषय, वर्ग नंबर, बाकावरचा सीट नंबर. आणि एक लक्षात ठेवा, तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तुमच्याकडे नसतो, तो परीक्षा केंद्रावर असतो. तो म्हणजे हजेरीपत्रक. त्यावर तुमची सही असते. म्हणूनच हजेरीची सही घाईत चुकीच्या ओळीत करू नका.

तिसरं: अर्ज. प्राचार्यांच्या नावाने, एका पानात. भावना नको, माहिती हवी. साधारण असा:

“महोदय, मी अमुक परीक्षेला, अमुक सीट नंबर आणि पीआरएन नंबरने बसलो होतो. अमुक तारखेच्या अमुक विषयाच्या पेपरला मी हजर असूनही निकालात मला गैरहजर दाखवले आहे. हॉलतिकीट, निकाल व प्रश्नपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. केंद्रावरील हजेरीपत्रकाची पडताळणी करून, त्याची साक्षांकित प्रत माझ्या अर्जासोबत परीक्षा विभागाकडे पाठवावी, ही विनंती.”

झालं. दोन प्रती काढा. एक ऑफिसात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घ्या. क्लार्क म्हणेल, “ठेवून जा, बघतो.” शांतपणे म्हणा, “सर, पोच देता का?” भांडायचं नाही, पण पोच घेतल्याशिवाय हलायचंही नाही. मग त्याच अर्जाचा फोटो कॉलेजच्या ईमेलवर टाका. व्हॉट्सॲपवर सरांना पाठवलेला मेसेज म्हणजे अर्ज नव्हे.

चौथं: मार्क कमी वाटत असतील तर. इथे ॲबसेंटचा नाही, तपासणीचा प्रश्न आहे. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. फोटोकॉपी बघितली की कळतं: एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, बेरीज चुकलीय का, पुरवणी मोजलीय का. कधीकधी हेही कळतं, की मार्क बरोबर आहेत. तेही कळलेलं चांगलं, पुढचा खर्च वाचतो. या अर्जांची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि ती परिपत्रकात दिलेली असते. निकाल लागला त्याच दिवशी ते परिपत्रक शोधा.

स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघणं ही कुणाची मेहेरबानी नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2011 मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं, की माहिती अधिकारात विद्यार्थी आपली उत्तरपत्रिका पाहू शकतो. पण ती जपून ठेवण्याची मुदत संपायच्या आत. उशीर केलात तर उत्तरपत्रिका रद्दीत गेलेली असेल.

पाचवं: उत्तरच येत नसेल तर. इथे तीन तारखा उपयोगी पडतात.

एक, महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016. परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत तो लावायचाच, असं त्यात आहे. शेवटचा पेपर 2 मेला झाला असेल, तर 16 जून ही तुमची तारीख.

दोन, यूजीसीचे 2023 चे तक्रार निवारण नियम. त्यानुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायला हवा. समाधान झालं नाही तर पुढे लोकपालांकडे अपील करता येतं. पण नुसतं “मार्क वाढवून द्या” म्हणून लोकपालांकडे जाता येत नाही. नेमकी अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

तीन, माहिती अधिकार. दहा रुपये फी, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. प्रश्न साधा ठेवा: “अमुक तारखेच्या, अमुक इनवर्ड नंबरच्या माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली?” उत्तराला 30 दिवस. बघा, इथेही तो इनवर्ड नंबरच कामी येतो.

आता जरा वेगळं. समजा, डोलवीच्या कंपनीत जागा निघालीय आणि त्यांना शेवटच्या सेमिस्टरचा निकाल हवाय. किंवा एमकॉमच्या प्रवेशाची यादी लागायचीय. तुमचा अर्ज अडकलेला. तेव्हा प्रवेशाची तारीख जाऊ देऊ नका. जिथे अर्ज करताय तिथे लेखी कळवा, की निकालाच्या दुरुस्तीचा अर्ज दिलाय, आणि पोच जोडा. ते मान्य करतीलच असं नाही. पण न विचारता गेलेली जागा परत मिळत नाही.

आणि घरी सांगा. गणपतीच्या आधी पेणच्या कारखान्यांत रात्र-रात्र रंगकाम चालतं, घरातले सगळे दमलेले असतात, “आता यांना कुठे सांगू” असं वाटतं. तरी सांगा. बरीच पोरं निकाल लपवतात आणि एकटीच कुढत राहतात. फारच जड झालं, झोप येईना, नको नको ते विचार यायला लागले, तर 14416 हा नंबर फिरवा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं.

शेवटी एक काम सांगतो. तुमच्या वर्गात असा घोळ एकाचाच नसतो. तुमच्या ब्लॉकमध्ये, तुमच्या मागच्या-पुढच्या सीट नंबरवर कोण होतं, त्यांना विचारा. एकाच गठ्ठ्यातले पाच-सहा जण निघाले, तर कॉलेजला सगळ्यांचं मिळून एकच पत्र पाठवता येतं. एका पोराच्या अर्जापेक्षा सहा जणांचा अर्ज लवकर हलतो. आणि कलिनाला जायचीच वेळ आली, तर पोच घेतलेल्या कागदांची फाइल घेऊन एकाने जायचं, बाकीच्या पाचांचा दिवस वाचला.

हा भाग सेव्ह करून ठेवा आणि वर्गाच्या ग्रुपवर टाका. निकाल चांगलाच लागो. नाहीच लागला, तर अर्ज कसा करायचा ते आता माहीत आहे. भेटू पुढच्या भागात.