डोंगर केव्हा सुटतो?

(पारसिक डोंगराच्या पायथ्याशी, एका वाडीवर, पावसाळ्याच्या तोंडावर दिलेले भाषण)



मिरग जवळ आला. घरे शाकारून झाली. भाताचे बी काढून ठेवले. पण एक काम राहिले आहे. ते आहे आपल्या डोंगराकडे नीट पाहण्याचे.

इरशाळवाडीचे नाव तुम्ही ऐकले आहे. पनवेलच्या पुढे, खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या उतारावर ती वाडी होती. 19 जुलै 2023 ची रात्र. बाहेर पाऊस. वरून डोंगर सुटला आणि घरेच्या घरे गाडली गेली. 27 मृतदेह मिळाले. 57 माणसे सापडलीच नाहीत. वर गाडीरस्ता नव्हता. मोठी यंत्रे नेता आली नाहीत. मदतीला निघालेले नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी डोंगर चढतानाच वारले. आणि ऐका, धोक्याच्या गावांची सरकारी यादी होती. तीत इरशाळवाडीचे नाव नव्हते.

म्हणून यादीवर सारा भार टाकू नका. आपले डोळेही उघडे ठेवा.

डोंगर सुटतो म्हणजे काय होते? खाली काळा कातळ असतो. त्यावर मुरूम, मुरमावर माती. पावसाचे पाणी मातीत मुरते. कातळात ते चटकन शिरत नाही. मग ते सांध्यात साठते. माती जड होते. तिची पकड सुटते आणि सारा थर खाली घसरतो. तो ओहळात उतरून पाण्यात मिसळला, की चिखलदगडांचा लोंढा होतो. स्लॅबचा ओला माल तुमच्यापैकी कित्येकांनी डोक्यावर वाहिला आहे. त्या मालात खडी तळाशी बसत नाही, मालाबरोबर वाहते. तसेच या लोंढ्यात मोठमोठे धोंडे वाहत येतात. पळणाऱ्या माणसाला तो गाठतो.

मागे एका वाडीवर मी हे सांगत होतो. एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, बापजाद्यांपासून आम्ही इथं राहतो. आजवर काही झालं नाही. आताच कसं होईल?"

प्रश्न बरोबर आहे. पण डोंगर बापजाद्यांच्या वेळचा राहत नाही. ऊनपावसाने कातळाचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. झाडे तुटली, कोणी उतार खणला, की पकड आणखी ढिली होते. आजवर सुटला नाही, म्हणून पुढेही सुटणार नाही असे नाही.

मग हे आधी कळते का? अमुक दिवशी, अमुक वाजता डोंगर सुटेल, असे कोणी सांगू शकत नाही. पण दोन गोष्टी पुष्कळशा कळतात. लोंढ्याची वाट कळते आणि धोक्याचे दिवस कळतात.

आधी वाट पाहू. लोंढा बहुधा ओहळ धरून येतो. उभ्या उतारावर तो वेग घेतो. ओहळ जेथे मोकळ्यावर येतो, तेथे तो पसरतो आणि थांबतो. नेमकी तीच सपाट जागा आपल्याला घरासाठी बरी वाटते! तुमच्या शेतात एखादा मोठा धोंडा एकटाच पडलेला आहे का? तो कोणी उचलून आणला नसेल. मागे कधी तरी डोंगरानेच तो आणून टाकला असेल. ती जुनी खूण समजा. उभ्या कड्याखालची घरेही धोक्यातच समजा.

आता दिवस. दोन-तीन दिवस संततधार लागते. जमीन पाण्याने भरून जाते. त्यावर धो धो सरी कोसळतात. तो दिवस घातकी. 1980 साली नेल केन नावाच्या अभ्यासकाने जगातल्या पुष्कळ नोंदी जमवल्या. किती वेळ, किती जोराचा पाऊस पडला की डोंगर सुटू लागतो, याचा हिशेब त्यांनी मांडला. पण प्रत्येक डोंगराचा हिशेब वेगळा असतो. आपल्या डोंगराचा आपण ठेवावा.

त्याला एक डबा पुरतो. सरळ बाजूंचा पत्र्याचा डबा घ्या. तो उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको. रोज सकाळी साडेआठला आतले पाणी पट्टीने मोजा. आकडा शाळेच्या फळ्यावर लिहा. मग पाणी ओतून टाका. आता तुम्हांला लिहिता येते. हे काम तुमचेच आहे.

आणखी खुणा सांगतो. जमिनीला नवी भेग पडते. झाडे कलतात. नसलेल्या जागी झरा फुटतो. ओहळाचे पाणी एकाएकी गढूळ होते. भर पावसात ओहळ आटला, तर फार जपा. वर कोठे तरी पाणी अडले असेल. डोंगरातून गडगड ऐकू आली, तर क्षणभरही थांबू नका. ओहळाच्या वाटेने खाली पळू नका. बाजूला, उंचावर जा. 112 ला फोन करा. माळीण गाव 30 जुलै 2014 ला सकाळी गाडले गेले. 151 माणसे गेली. बाहेर पहिली खबर दिली ती एसटीच्या चालकाने. तो आला, तर गावच दिसेना!

आजोबा शेवटी म्हणाले, "शेळ्या टाकून कसं जायचं, गुरुजी?" टाकून जाऊ नका. म्हणूनच उजेडी निघा, शेळ्या घेऊन निघा. कोणत्या घराने कोठे जायचे, ते आजच ठरवा. जागा ओहळापासून आणि उतारापासून दूर असावी. म्हाताऱ्यांना कोण नेणार, तेही ठरवा. दहा वेळा गेलात आणि काहीच झाले नाही, तर हसू नका. एका रात्रीची झोप गेली, इतकेच. अकराव्या वेळी जीव वाचेल.

उद्या सकाळी आपण सारे ओहळाच्या काठाने वर जाऊ. पोरांनाही घ्या. डबा मी आणतो.