आपल्या गावाचा भूगोल आपणच लिहायचा
(वनहक्क समित्यांच्या शिबिरातलं भाषण)



आम्ही बारावीपर्यंत जगाचा भूगोल शिकलो, पण आपल्या गावची शीव कुठून कुठे जाते हे पुस्तकात कधी आलं नाही. ते म्हाताऱ्या माणसांच्या तोंडीच राहिलं. आणि गावचा कागद दुसऱ्याच्या हातात राहिला की काय होतं, ते आपल्याच जिल्ह्यात बघा.

आंबोली, गेळे, चौकुळ ही सावंतवाडी तालुक्यातली घाटमाथ्यावरची गावं. पाऊस बेसुमार. आंबोलीत हिरण्यकेशी उगम पावते नि पूर्वेला घटप्रभेत, पुढे कृष्णेत जाते. घाट उतरणारं पाणी आपल्या बाजूच्या समुद्राला मिळतं.

ही गावं सावंतवाडी संस्थानात होती. गावकऱ्यांनी सारा भरायची कबुलायत लिहून दिली, म्हणून ते कबुलायतदार गावकर. जमीन एकट्याची नाही, सगळ्यांची मिळून. १९४८ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १९८१ साली रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. राज्य बदललं, जिल्हा बदलला, कसणारे तेच राहिले. पण १९९९ साली सातबारावर 'महाराष्ट्र शासन' लागलं. नांगर तोच, बांध तोच, नाव मात्र सरकारचं!

कबुलायत असलेल्यांची ही गत. आपल्याकडे, ठाकर-कातकऱ्यांकडे, बऱ्याच ठिकाणी तेवढाही कागद नाही. मग गप्प बसायचं काय?

वनहक्क कायदा २००६ चा, नियम २००८ चे. त्यातला नियम १३ वाचा. घर, घातलेला बांध, जुनी विहीर, मसणवट, देवाची जागा, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या जाणत्या माणसाचा लिहून घेतलेला जबाबही चालतो. पुरावे मात्र एकापेक्षा जास्त पाहिजेत. आणि आदिवासीचा ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे.

म्हणजे आजीला पाठ असलेला भूगोल हाच आपला दस्तऐवज. आजी गेली की तो पण गेला.

म्हणून पुढच्या ग्रामसभेआधी प्रत्येक वाडीने एवढं करायचं. म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन शीव फिरायची. व्हाळ, सडा, राई, पाणवठा, सगळ्यांची आपली नावं वहीत लिहायची. जबाब घेऊन सही-अंगठा घ्यायचा. सातबारा काढून मोठ्याने वाचायचा.

आपलं गाव आपण लिहिलं नाही, तर दुसरा कोणीतरी लिहील, नि त्यात आपण नसू.

जिंदाबाद!