शेजारच्या मेजावरील माणूस



वरिष्ठाने एखाद्या कर्मचाऱ्याचा सर्वांसमक्ष पाणउतारा केला, म्हणजे कचेरीत प्रथम माना फायलींत खाली जातात. मधल्या सुट्टीत मात्र चहाच्या पेल्याभोवती प्रत्येकास वाचा फुटते. ज्याचा अपमान झाला तो त्या घोळक्यात बहुधा नसतो. अन्याय करणाऱ्या अधिकाऱ्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तो पाहणाऱ्या, शेजारच्या मेजावरील माणसाविषयी फारसे बोलले जात नाही.

या माणसाचे मौन केवळ भ्याडपणाचे नसते. गोपनीय अहवालातील शेरा, गैरसोयीच्या गावी होणारी बदली, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा ही भीती खरी आहे. तिच्याहून घातक असते ते मनाचे समाधान करून घेणे. ‘त्याचेही काही चुकले असेलच’ असे एकदा म्हटले, की पाहणाऱ्याला आपण सुरक्षित असल्याचा भास होतो. दोष पीडिताचा असेल, तर निर्दोष माणसाला भय कसले? असा हा हिशेब असतो, आणि पुढची पाळी स्वतःवर येईपर्यंत तो बरोबर वाटतो.

भारतीय कामगार कायद्याने एके काळी या शेजाऱ्याच्या हाती मोठीच सत्ता दिली होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाखाली एकट्या कामगाराची बडतर्फी हा आपोआप ‘औद्योगिक विवाद’ होत नसे. संघटनेने अथवा बऱ्याच सहकाऱ्यांनी त्याची बाजू उचलून धरली, तरच प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत जाऊ शके. नागपूरच्या एका वाहतूक कंपनीने १९५० मध्ये कामावरून काढून टाकलेल्या यांत्रिकाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा १९५६ च्या सुमारास हाच मुद्दा उपस्थित झाला. केंद्रीय कायद्याचा असाच अर्थ लावण्याकडे न्यायालयांचा कल असल्याचे न्यायालयाने नमूद केले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या प्रांतिक कायद्यात एकट्या कामगारासही दाद मागण्यास वाव होता, म्हणूनच त्या यांत्रिकाचा अर्ज टिकला.

आसामातील डिमाकुची चहामळ्याची कथा याच्या उलट आहे. तेथील सहायक वैद्यकीय अधिकाऱ्यास १९५१ मध्ये कामावरून दूर करण्यात आले आणि मळ्यातील कामगारांच्या संघटनेने त्याची बाजू घेतली. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरविले की, हा अधिकारी ‘कामगार’ या व्याख्येत बसत नाही व त्याच्या नोकरीशी कामगारांचे हितसंबंध पुरेसे निगडित नाहीत. सबब हा औद्योगिक विवाद नव्हे. कायद्याच्या दृष्टीने निर्णय काहीही असो, मळ्यातील माणसांना आपल्या डॉक्टरचा प्रश्न आपला वाटला, ही गोष्ट त्या निकालाने पुसली गेली नाही.

सहकाऱ्यांच्या मर्जीवर न्याय अवलंबून ठेवणे धोक्याचे होते. ज्याला संघटना नाही किंवा ज्याच्याशी संघटनेचे पटत नाही, त्याने जावे कोठे? १९६५ च्या दुरुस्तीने अधिनियमात कलम २-अ आले आणि एकट्याची बडतर्फीही औद्योगिक विवाद मानली जाऊ लागली.

दार उघडले, तरी चौकशीच्या खोलीत शेजाऱ्याची गरज उरलीच. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांनी अपचारी ठरविलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास आपली बाजू मांडण्यासाठी दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याचे साहाय्य घेण्याची मुभा दिली. वकील मात्र सहसा मिळत नाही. साक्षीदारांची अवस्था निराळी नाही. चौकशीच्या कागदपत्रांवर विश्वास ठेवायचा, तर नेमक्या त्याच घटकेस सारी कचेरी पाणी पिण्यास गेलेली असते! या भीतीची जाणीव कायदा करणाऱ्यांना होती. औद्योगिक विवादाच्या कामात मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून कामगारास काढून टाकणे किंवा त्याच्याशी भेदभाव करणे ही महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरविली.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखालील नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. पीडित स्त्री शारीरिक असमर्थतेमुळे तक्रार करू शकत नसेल, तर तिच्या सहकाऱ्यासही ती दाखल करता येते. अन्य कारणाने ती तक्रार करू शकत नसेल, तर घटना ठाऊक असलेली कोणतीही व्यक्ती पुढे येऊ शकते. पण तिच्या लेखी संमतीने. ही अट मोलाची आहे. पीडितास न विचारता त्याच्या नावाने रणशिंग फुंकणारे हितचिंतक थोडे नाहीत, आणि त्यांच्या उत्साहाची किंमत त्या एकट्यासच मोजावी लागते. त्याच दिवशी तारीख, वेळ व उच्चारलेले शब्द टिपून ठेवणारा अबोल सहकारी अशा वेळी अधिक उपयोगी पडतो.

दोषारोपपत्र हाती पडल्यावर कर्मचारी मदतनीस शोधू लागतो. पहिले दोन-तीन नकार बहुधा चहाच्या वेळी सर्वांत मोठ्याने संतापलेल्यांकडूनच येतात. जो होकार देतो, तो फारसे बोलत नाही. चौकशी किती वाजता आहे, एवढेच विचारतो.