कनेक्टरचा खटका आणि द्राक्षबागेतली फवारणी

ऑक्टोबर छाटणीनंतर पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांत ट्रॅक्टरचे ब्लोअर घुमू लागतात. टाकीत कधी मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, चाकांखाली चिखल, आणि काम आटोपलं की प्रेशरच्या पाण्यानं धुलाई. एवढ्या माऱ्यात ट्रॅक्टरचं वायरिंग टिकतं ते वायरी जोडणाऱ्या कनेक्टरच्या प्लास्टिकच्या हाउसिंगमुळे, म्हणजे बाहेरच्या कवचामुळे.

कनेक्टरचे दोन भाग जोडताना लवचिक पट्टी खाचेवरून सरकते आणि ‘टक्’ करून अडकते. हा झाला पहिला खटका. अनेक कनेक्टरांत आतल्या पिनांसाठी वेगळी पाचर असते. एखादी पिन अर्धवट बसली असेल, तर ती पाचर आत जातच नाही. चूक जोडणी करतानाच उघडी पडते.

पाण्याला अडवतात सिलिकॉनची सीलं: एक दोन भागांच्या मध्ये, एकेक प्रत्येक वायरीभोवती. रिकाम्या भोकांना बुचं लागतात. एक बूच राहिलं, तरी पाण्याला वाट मिळते.

आणखी एक गंमत आहे. तापलेल्या कनेक्टरवर गार पाणी पडलं की आतली हवा आकुंचन पावते आणि सैल सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग पिना गंजतात, दिवे लुकलुकतात.

कनेक्टरच्या ‘आयपी ६७’ या संरक्षण-दर्जातला ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवण्याची चाचणी. प्रेशरच्या धुलाईची हमी त्यात नाही; तापलेल्या, जोरदार फवाऱ्याची चाचणी ९ या आकड्याची.

कनेक्टर सोडवताना वायर ओढू नये; खटका दाबून हाउसिंगच धरावं. उघडा राहिलेला भाग टोपणानं झाकावा.